खाडीकाठचे दोन तास: मुलांच्या मनाला मोकळ्यावरचा वेळ नेमका कसा उपयोगी पडतो

शाळेची वार्षिक सहल बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात जाते. बस, नाश्ता, प्राणी बघणं, सगळ्यांचा एक फोटो, संध्याकाळी परत. मुलं खूश असतात आणि ती खुशी खरीच असते. पण ज्या मुलीची झोप उडाली आहे, ज्या मुलाच्या पोटात परीक्षेच्या धास्तीने गोळा येतो, ज्याचं वर्गात कोणाशीच जमत नाही, त्यांच्यासाठी त्या एका दिवसाने फारसं काही बदलत नाही. बदल दिसतो तो वेगळ्या धाटणीच्या उपक्रमात: लहान गट, घराजवळची एकच जागा, तीच दोन मोठी माणसं, दर आठवड्याला साधारण दोन तास, आणि हे सगळं किमान तीन महिने. गोव्यात असा उपक्रम उभा करायला पैसा फारसा लागत नाही. सातत्य लागतं, आणि ते पैशापेक्षा दुर्मिळ आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार १० ते १९ वयोगटातल्या सातांपैकी एकाला काही ना काही मानसिक आजार असतो. उरलेल्या सहांना आजार नाही म्हणजे सगळं आलबेल आहे असं नाही. थकवा, चिडचिड, एकटेपणा, रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल. असे उपक्रम मुख्यतः या सहांसाठी आहेत. सातव्याला त्यांचा उपयोग होतो, पण उपचारांच्या जोडीला.

डोक्यात आणि शरीरात काय घडतं

लक्ष दोन प्रकारचं असतं. एक आपण ओढून ताणून लावतो, गणित सोडवताना किंवा कंटाळवाणा धडा वाचताना. ते काही वेळाने थकतं आणि थकलं की माणूस चिडतो, विसरतो, उतावळा होतो. दुसरं आपोआप लागतं: पाण्यावरची लहर, झाडावरची हालचाल, चिखलातली वळवळ. त्यासाठी जोर लावावा लागत नाही आणि तेवढ्या वेळात पहिल्याला विश्रांती मिळते. रेचल आणि स्टीफन कॅपलान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ही मांडणी केली. पुढे २००९ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात लक्ष टिकवण्याची अडचण असलेल्या मुलांना २० मिनिटं बागेत चालवलं, तेव्हा शहरी रस्त्यावर तेवढाच वेळ चालल्यापेक्षा त्यांची एकाग्रता चांगली दिसली. मुलं फक्त १७ होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट विचारांच्या दळणाची. 'ती असं का म्हणाली', 'मी नापास झालो तर' हे तेच तेच मनात फिरत राहणं नैराश्याकडे नेणाऱ्या वाटांपैकी एक आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की ९० मिनिटं झाडाझुडपांत चालून आलेल्यांचं हे दळण थोडं कमी झालं आणि त्याच्याशी संबंधित मेंदूच्या भागाची हालचालही मंदावली. वाहत्या रस्त्याकडेने चाललेल्यांत तसं झालं नाही.

तिसरी झोप. हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. या घड्याळाला मागे ओढायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सकाळचा उजेड. वर्गात ३०० ते ५०० लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा तो हजारांत असतो आणि उन्हात ५० हजारांच्या वर जातो. म्हणून उपक्रम शक्यतो सकाळी सात ते नऊ ठेवावा. संध्याकाळी पाचला ठेवला तर बाकीचे फायदे मिळतील, हा मिळणार नाही. उजेडाचा आणखी एक लाभ डोळ्यांना होतो. चीनमधल्या ग्वांगझू इथे शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, तर तीन वर्षांत चष्मा लागण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांऐवजी ३० टक्के राहिलं.

आणि मग 'मला जमलं' ही भावना, आणि 'मी आलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येईल' ही खात्री. या दोन गोष्टी झाडांमुळे येत नाहीत. त्या कामामुळे आणि माणसांमुळे येतात, फक्त मोकळ्यावर त्या लवकर रुजतात, कारण तिथे गुण नसतात आणि वर्गातली उतरंड चालत नाही. ज्या उपक्रमांत फक्त निसर्ग आहे आणि या दोन्ही गोष्टी नाहीत, ते लवकर विसरले जातात.

दोन तास हा आकडा कुठून आला? इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार प्रौढांच्या पाहणीतून. आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं, मग तो वेळ एकदम घालवलेला असो की तुकड्यातुकड्याने. हे प्रौढांचं आहे, त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, आणि मुळात बऱ्या असलेल्या माणसांनाच फिरायला सवड मिळते ही शंका त्यातून पूर्णपणे जात नाही. तेव्हा दोन तास हा औषधाचा डोस समजू नये. नियोजनासाठी सोयीचा अंदाज समजावा.

दोन तासांत काय करायचं

जागा अशी हवी की मुलांना घरून वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येईल. दूधसागर धबधबा त्यासाठी कामाचा नाही. तिसवाडीत करमळीचं तळं आहे, रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की चोडणचं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. फोंड्याकडे एखाद्याचं कुळागर (माड-पोफळींची बाग), सत्तरीत गावची देवराई, काणकोणात गालजीबागचा किनारा. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि देवराईत जायचं तर गावकऱ्यांना विचारावं. तिथले नियम गावाचे असतात, पादत्राणं काढायची असतील तर काढायची.

उदाहरणादाखल खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध घेऊ. गट १२ जणांचा, सोबत दोन मोठी माणसं. पहिली दहा मिनिटं जमणं, डोकी मोजणं, मोबाईल एका पिशवीत ठेवणं. एक फोन चालू, तो ताईंकडे किंवा सरांकडे. मग प्रत्येकाने आजचा मूड हाताच्या बोटांनी दाखवायचा, शून्य ते पाच. बोलायची सक्ती नाही आणि मूठ दाखवणाऱ्याला 'काय झालं रे?' असं सगळ्यांसमोर विचारायचं नाही. ते नंतर चालताना, शेजारी शेजारी, डोळ्यांत न बघता विचारलेलं बरं पडतं. वीस मिनिटं बांधावरून चालणं. बांधाची कड खेकड्यांनी पोखरलेली असते, म्हणून एकामागे एक आणि मधून.

पुढची पंधरा मिनिटं बैठक, आणि उपक्रमाचा गाभा हाच. ओहोटीच्या वेळी तिवरांच्या मुळांपाशी चिखल उघडा पडतो. सुतळीने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा, त्यापासून दोन मीटरवर बसायचं आणि आत काय येतं ते मोजायचं. मुलं पोचतात तेव्हा चौकोन रिकामा दिसतो, कारण सावली पडताच सगळे बिळात गेलेले असतात. तीन-चार मिनिटं कोणी हललं नाही की आधी छोटे खेकडे बाहेर येतात. एक नांगी भलीमोठी असलेला नर ती वर-खाली हलवत उभा राहतो. मादीच्या दोन्ही नांग्या लहान. मग निवटा येतो. डोक्यावर बसवल्यासारखे दोन डोळे, पुढच्या परांवर रेटत चालणं, मध्येच पाठीवरचं पर उभारून टुणकन उडी. कल्ल्यांत आणि तोंडात पाणी धरून, ओल्या कातडीतून श्वास घेत हा मासा जमिनीवर वावरतो. कोणी हात उचलला की सगळं एका क्षणात गायब, आणि परत चार मिनिटं थांबा. इथे 'शांत बसा' असं मोठ्या माणसाला सांगावंच लागत नाही. ते काम खेकडा करतो, आणि त्याच्यावर कोणी रागावत नाही.

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांवर जाऊ नये. अस्वस्थ मुलांना स्तब्धता सुरुवातीला त्रास देते, मनातले विचार मोठ्याने ऐकू येतात. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवावीत. ज्याला बसवतच नाही त्याला वेळ मोजायचं काम द्यावं.

नंतर पाऊण तास काम: चौकोनातली मोजदाद वहीत उतरवणं, पाण्याचं तापमान घेणं, मानशीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) जाऊन फळ्या भरतीच्या दाबाने कशा मिटतात आणि ओहोटीला कशा उघडतात ते बघणं. मानस राखणाऱ्याशी बोलता आलं तर सोन्याहून पिवळं. पंधरा मिनिटं केळी आणि शेंगदाण्याचे लाडू, शेवटची पंधरा मिनिटं गोल बसून गप्पा. प्रश्न एकच: आज काय दिसलं? 'आज काय शिकलात?' विचारलं की शाळा परत सुरू होते.

जबाबदाऱ्या खऱ्या असाव्यात. पाणी, प्रथमोपचाराची पेटी, नोंदवही, वेळ, आणि सर्वांत मागे चालणारा. दर आठवड्याला बदलायच्या. पेटीत काय संपलंय हे मुलांनाच ठाऊक असलं पाहिजे. न बोलणाऱ्या मुलाला मागे चालण्याचं काम बहुधा आवडतं: बोलावं लागत नाही, पण सगळा गट त्याच्या नजरेखाली असतो.

भरती-ओहोटीचं गणित

भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी आठला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी आठला जवळजवळ भरती, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा ओहोटीचा सुमार. हे न बघता 'दर रविवारी खेकडे' असा कार्यक्रम छापला की दुसऱ्याच आठवड्यात मुलं गुडघाभर पाण्याकडे बघत बसतात. तेव्हा एक रविवार चिखलाचा, एक रविवार पक्ष्यांचा असं आळीपाळीने ठरवावं. कोकणातला जुना ठोकताळा मुलांनाच करायला द्या: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाची भरती. द्वितीया-तृतीयेला दुपारी दीड-सव्वादोनची, म्हणून सकाळी साडेसात-आठला ओहोटी. अंदाज मुरगाव बंदराच्या तक्त्याशी ताडून बघावा. पाण्याजवळ जायचं तर फक्त ठोकताळ्यावर विसंबू नये.

ऋतू आणि धोके

पावसाळ्यात धबधबे, खाणींचे खड्डे आणि फुगलेले व्हाळ पूर्णपणे वर्ज्य. त्यावर चर्चाच नको. गोव्यात दर पावसाळ्यात पोहायला उतरलेली तरुण मुलं बुडतात आणि त्यांतली कित्येक चांगली पोहणारी असतात. या दिवसांत गावातच राहावं. चवथीच्या आधीचे दोन-तीन आठवडे तर माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळांच्या सजावटीसाठी, उत्तम: आजी-आजोबांपैकी कोणाला सोबत घेऊन कवंडळ, तोरिंग, आंबाडे ओळखायचे, कुठे किती दिसतात ते लिहायचं, तोडायचं नाही. कवंडळ दिसायला लालभडक आणि मोहक, पण तोंडात घालायचं नाही, हे आधीच सांगून ठेवावं. चिखलात उतरणार असतील तर पायाला जखम नको. लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू तिथूनच शिरतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचे महिने. करमळीला स्थलांतरित बदकं, मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं. कासवांच्या किनाऱ्यावर बॅटरी, फ्लॅश, गोंगाट काही नाही आणि वनखात्याच्या माणसाशिवाय जाणं नाही.

डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत सत्तरीच्या रानात गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचा धोका असतो. २०१५ साली पाली गावात त्याची साथ आली आणि काजूच्या हंगामाशी तो जोडला गेला, कारण त्याच दिवसांत माणसं पाचोळ्यात वावरतात आणि गोचिडीही तिथेच असतात. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. पूर्ण बाह्या, पॅन्ट मोज्यांत खोचलेली, केंद्रातून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल, पाचोळ्यावर बसणं नाही, घरी आल्यावर गरम पाण्याने साबण लावून अंघोळ आणि कपडे धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, तिथूनच वनखात्याला किंवा केंद्राला कळवायचं. नंतर आठवडाभरात जोराचा ताप आणि डोकेदुखी आली तर डॉक्टरांना 'रानात गेलो होतो' हे सांगायला मुलांना शिकवावं.

साप दिसला तर थांबून मागे सरकणं एवढंच. चावला तर कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यांपैकी काही नाही. अंगठी-कडी काढावी, हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा, मुलाला चालवू नये, १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या इस्पितळात न्यावं. कुठल्या इस्पितळात ते आहे याची चौकशी पहिल्या दिवसाआधी झालेली असावी. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. दुर्भाट-बोरीकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून पूजतात, ती प्रथा बघायला जरूर न्यावं. पाण्यात हात घालू देऊ नये.

उकाड्याचं काय? दोन तासांना माणशी दीड लिटर पाणी. चक्कर आली तर सावली, आडवं करणं, आणि एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. गडगडाट ऐकू आला की उघड्या बांधावरून निघायचं, एकुलत्या माडाखाली उभं राहायचं नाही.

कुठे फसतं

सर्वांत जास्त फसतं ते बोलण्याने. ज्याला पक्ष्यांची शंभर नावं येतात तो तज्ज्ञ मुलांना शंभर नावं ऐकवतो. त्याच्या खालोखाल स्पर्धेने: जास्त पक्षी कोणी मोजले, बक्षीस कोणाला. मूठ दाखवणारा मुलगा त्या दिवशी हरला की पुढच्या वेळी येत नाही. 'वाया गेलेल्या' मुलांना सुधारायला पाठवणं हेही तसंच. गट मिसळलेला हवा, नाहीतर गावात त्याला नाव पडतं. किनारा साफ करणं चांगलं काम आहे, पण दर वेळी तेच असेल तर ती शिक्षा वाटते.

मुलींची गळती बहुतेक वेळा साध्या कारणाने होते: शौचालय नाही. जागा निवडताना आधी ते बघावं आणि पेटीत पॅड ठेवावेत. सोबतच्या दोघांत एक बाई असावी आणि पालकांना एकदा ती जागा प्रत्यक्ष दाखवावी. दुसरी गळती चपलांमुळे. सपाता चिखलात रुततात आणि बूट आणा म्हटलं की ज्याच्याकडे नाहीत तो आजारी पडतो. शाळेत जुन्या कॅनव्हास बुटांची एक पेटी ठेवली की हा प्रश्न मिटतो.

एका मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर नजरेआड जायचं नाही, हा नियम कितीही ओळखीच्या माणसाला लागू. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे. आपसात मिटवायचा विषय नाही. मुलांना १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर तोंडपाठ असावा.

हे पुरेसं नसतं तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास आहे, जेवण-झोप बिघडली आहे, मित्र सोडले आहेत, अंगावर ओरखडे दिसतात, तर चिखलातले खेकडे पुरणार नाहीत. 'जगावंसं वाटत नाही' असं कोणी म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही, आणि 'जीव द्यायचा विचार येतो का?' असं सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नये. घरच्यांना सांगावं, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही फोन करता येतो, बांबोळीला मनोविकार संस्था आहे, आणि धोका तातडीचा असेल तर ११२. उपक्रमातली जागा त्याच्यासाठी राखून ठेवावी. उपचार सुरू असताना परत येता येणं मोलाचं असतं.

उपयोग होतोय का, हे कसं कळणार

हसरे फोटो पुरावा नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, शांत वाटलं का, अंगात जोम होता का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसात रस वाटेल अशा गोष्टी होत्या का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरजेला चारने गुणलं की शंभरापैकी आकडा मिळतो. पहिल्या आठवड्यात, सहाव्यात आणि बाराव्यात भरून घ्यावी. ५० किंवा खाली आकडा आला तर त्या मुलाशी निवांत बोलावं, २८ किंवा खाली आला तर समुपदेशकाकडे न्यावं. कागद कुलपात ठेवायचे. वर्गशिक्षकांच्या टेबलावर किंवा पालकांच्या ग्रुपवर ते जाता कामा नयेत, एकदा फुटले की पुढचे सगळे कागद खोटे भरले जातात. परीक्षेच्या आठवड्यात मोजू नये, चवथीच्या सुट्टीतही नको, दोन्हीकडे आकडा भलतंच सांगतो.

बारा आठवड्यांनी सरासरी हलली नाही तर आधी हजेरीपट उघडावा. बहुधा असं दिसतं की निम्मी मुलं पाच-सहा वेळाच आली होती. ज्यांची सलग दोनदा गैरहजेरी लागली त्यांच्या घरी तिसऱ्या रविवारच्या आत फोन गेला होता का, आणि तो कोणी करायचा हे ठरलं होतं का, हे तपासूनच पुढचे तीन महिने आखावेत.